घरच्या शुश्रूषेपासून नर्सिंगच्या वर्गापर्यंत : अनुभव कुठे उपयोगी, कुठे अपुरा?

नागपूर आणि छिंदवाडा यांच्या साधारण मध्यावर सौंसर वसले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्यासोबत सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच पट्टा वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. संत्र्याच्या बागांच्या या प्रदेशात आजार बळावला की रुग्णाला बहुधा नागपूरला नेले जाते. शस्त्रक्रिया तिथे होते, निदानही तिथेच होते. मात्र त्यानंतरचे महिने रुग्ण घरी काढतो. लकव्याने एक बाजू लुळी पडलेले आजोबा, मधुमेहाने पायाला जखम झालेली सासू, सिकलसेलच्या वेदनांनी रात्र रात्र तळमळणारा धाकटा भाऊ यांची उस्तवार घरातीलच कोणीतरी करते. ती व्यक्ती बहुतेक वेळा बारावी झालेली मुलगी किंवा सून असते.

दोन-चार वर्षे असे काम केल्यावर तिच्या मनात नर्सिंग शिकण्याचा विचार आला, तर त्यात नवल नाही. तिला रुग्णाची किळस वाटत नाही, रात्रीचे जागरण ठाऊक असते आणि लघवीची पिशवी रिकामी करताना तिचा हात थरथरत नाही. परंतु ‘मला तर सारे येतेच’ ही भावना जितकी बळ देणारी तितकीच फसवीही आहे. घरच्या शुश्रूषेचा अनुभव प्रवेशाच्या वेळी मोजला जात नाही. पहिल्या वर्षात त्यातील काही भाग उपयोगी पडतो आणि काही भाग प्रयत्नपूर्वक विसरावा लागतो. या तिन्ही गोष्टी आधीच समजून घेतल्या, तर तयारीची दिशा ठरते.

अनुभवाला गुण नाहीत

परिचर्या शिक्षणाची देशपातळीवरील मानके १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषदेने ठरवली आहेत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला असून जुन्या परिषदेची जागा हा आयोग घेणार आहे. पात्रतेचे मूळ निकष गोव्यापासून मध्य प्रदेशापर्यंत सारखेच आहेत. त्यांत घरच्या किंवा खासगी शुश्रूषेच्या अनुभवासाठी कोणतीही सूट नाही. रुग्णसहायकाचा, म्हणजे ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असला, तरी त्या प्रमाणपत्रावर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही.

वाटा मुख्यतः तीन आहेत. ‘एएनएम’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावी कला शाखेतून झालेल्या उमेदवारालाही तो खुला असतो. ‘जीएनएम’ तीन वर्षांचा आहे. त्याला विज्ञान शाखेची पसंती असली तरी ती अट नाही. बारावीला इंग्रजी विषय आणि एकूण ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी अनिवार्य असून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुणांची अट आहे.

घरात रुग्ण सांभाळताना शिक्षण सुटलेल्या स्त्रीच्या दृष्टीने यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे वय. एएनएम व जीएनएमसाठी ते १७ ते ३५ वर्षे असते, त्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा वही-पेन हाती घेणारी स्त्री उशिरा आली असे होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे या वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत. नोंदणीकृत एएनएम परिचारिकेला पुढे जीएनएम करता येते आणि तिला वयाची ही मर्यादा लागू होत नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीला पदवीचे दार कायमचे बंद झालेले नसते. तिची वाट लांब पडते इतकेच. आशा कार्यकर्तीने एक गोष्ट मात्र तपासावी. काही राज्यांनी प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशात आशांना प्राधान्य दिले आहे. त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत तशी तरतूद असेल, तर तिच्यापुरता कामाचा अनुभव प्रवेशातही उपयोगी पडू शकतो.

भाषा महाराष्ट्राची, अधिवास मध्य प्रदेशाचा

सौंसरच्या मुलीचे आजोळ काटोल किंवा सावनेरला असू शकते, बाजारहाट नागपूरला होऊ शकते. प्रवेश मात्र अधिवासाच्या दाखल्यावर ठरतो. मध्य प्रदेशात सरकारी बी.एस्सी. नर्सिंगसाठी ‘प्री-नर्सिंग सिलेक्शन टेस्ट’ आणि जीएनएमसाठी ‘जनरल नर्सिंग ट्रेनिंग सिलेक्शन टेस्ट’ घेतली जाते. या परीक्षा भोपाळचे कर्मचारी चयन मंडळ, म्हणजे पूर्वीचे व्यापमं, घेते. प्री-नर्सिंग परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी व सामान्यज्ञान यांवर प्रश्न असतात. कोणता उमेदवार पात्र, कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, हे दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत दिलेले असते. गावातल्या कुणी सांगितलेल्या गेल्या वर्षीच्या नियमावर विसंबून राहू नये.

महाराष्ट्राची स्वतंत्र सामाईक प्रवेश परीक्षा आहे. परंतु तेथील राज्य कोट्याच्या जागा महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असतात. कर्नाटकातील वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासनाने शिक्षणात सवलती दिल्या आहेत, हे ऐकून सौंसरकडील काही पालक आशा धरतात. सौंसर-पांढुर्णा त्या यादीत नाही. नागपूरकडील खासगी महाविद्यालयांत व्यवस्थापनाच्या जागा मिळू शकतात. पण तेथे शुल्क, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची पात्रता यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा लागतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, यांची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंगची परीक्षा देशपातळीवर होते. त्यात राज्याच्या अधिवासाची अडचण नसते.

नोंदणीचाही विचार प्रवेशापूर्वीच व्हावा. उत्तीर्ण झालेली परिचारिका ज्या राज्यात शिकते, तेथील परिषदेत तिची नोंद होते. भोपाळच्या परिषदेत नोंदलेल्या परिचारिकेला नागपुरात कायम काम करायचे असल्यास महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीची प्रक्रिया करावी लागते.

मान्यता तपासण्यात आळस नको

मध्य प्रदेशात ही सूचना औपचारिक नाही. नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरव्यवहारांचे प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली. २०२४ मध्ये सादर झालेल्या अहवालात ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अयोग्य ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास यंत्रणेच्याच अधिकाऱ्याला अटक झाली आणि योग्य ठरवलेल्या महाविद्यालयांची पुन्हा पाहणी करण्याचे आदेश निघाले. या साऱ्या काळात हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. कुटुंबाने जमीन गहाण ठेवून भरलेले शुल्क आणि मुलीच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे अशी अडकून पडतात, तेव्हा त्याची भरपाई होत नाही.

म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी पडताळाव्यात. महाविद्यालयाचे नाव त्या शैक्षणिक वर्षाच्या राष्ट्रीय यादीत आहे काय? राज्य परिषदेची मान्यता त्याच अभ्यासक्रमाला आणि तितक्याच जागांना आहे काय? बी.एस्सी. असल्यास विद्यापीठाची संलग्नता चालू आहे काय? आणि विद्यार्थिनी प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयात जातात? शेवटचा प्रश्न संचालकांऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना विचारावा. रुग्णाच्या खाटेजवळ प्रत्यक्ष किती तास उभे राहायला मिळाले, हे त्याच खरे सांगतात. घरी रुग्ण सांभाळलेल्या मुलीला तर हा फरक लगेच कळतो. खाटा आहेत पण रुग्ण नाहीत, असा वॉर्ड तिच्या नजरेतून सुटत नाही.

मोजणे आणि लिहिणे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिलेले प्रसिद्ध पुस्तक मुळात व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हते. ज्यांच्यावर घरातील माणसांच्या आरोग्याची जबाबदारी येते, त्या सामान्य स्त्रियांसाठी ते होते. लंडनमधील त्यांची प्रशिक्षण शाळा पुढच्या वर्षी, १८६० मध्ये सुरू झाली. घरची शुश्रूषा आणि व्यावसायिक परिचर्या यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे निरीक्षण. फरक इतकाच की परिचारिकेला जे दिसले ते मोजावे लागते आणि लिहावे लागते.

हा फरक किती मोलाचा आहे, हे छिंदवाडा जिल्ह्याने २०२५ मध्ये अनुभवले. परासिया परिसरात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य आढळले. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. अनेक मुलांना नागपूरला हलवण्यात आले होते. अशा विषबाधेत लघवी कमी होणे किंवा थांबणे ही मोठी खूण असते. ‘पोराने आज सू फारशी केली नाही’ हे आईच्या लक्षात येते. परिचारिका त्यापुढे जाऊन केव्हापासून, किती वेळा, किती प्रमाणात आणि त्याआधी कोणते औषध किती दिले गेले, हे नोंदवते. डॉक्टरचा पुढचा निर्णय या नोंदीवर ठरतो. दोष आईचा नसतो. तिला मोजायला कुणी शिकवलेलेच नसते.

प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलीने ही सवय घरीच लावून घ्यावी. एक साधी वही घ्यावी. त्यात रोज ठरावीक वेळी रुग्णाचे तापमान, एका मिनिटातील नाडीचे ठोके, श्वासांची संख्या आणि यंत्र असल्यास रक्तदाब लिहावा. निरोगी प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत साधारण ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, कारण सांगितले की त्याची लय बदलते. लघवीची पिशवी असेल, तर तिच्यावरील खुणा पाहून आठ तासांचा आकडा नोंदवावा. प्रौढ रुग्णाच्या दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटर, हे किमान प्रमाण मानले जाते. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णाची आठ तासांत किमान २०० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. आकडा त्याखाली गेला तर स्वतः उपाय न करता डॉक्टरांना कळवावे.

नोंद करताना मत आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवावी. ‘बाबा आज चिडले होते’ हे मत झाले. ‘सकाळी आठला औषध घेण्यास नकार दिला, डोके दुखते असे सांगितले’ ही नोंद झाली. पहिल्या वर्षात शिक्षक याच गोष्टीसाठी सर्वाधिक वेळा वही परत करतात.

विसराव्या लागणाऱ्या गोष्टी

अनुभवी हातांची खरी परीक्षा इथे होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली की घरी त्या जागी तेल लावून चोळले जाते. आजची परिचर्या हे टाळायला सांगते, कारण दाबाने आधीच दुखावलेल्या पेशी चोळण्याने अधिक फाटतात. त्या जागेवरचा दाब काढणे, साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे आणि त्वचा कोरडी ठेवणे, हे उपाय आहेत. बसण्यासाठी वापरली जाणारी हवेची गोल चकतीही भोवतालचा रक्तप्रवाह अडवते, म्हणून ती वापरू नये असे सांगितले जाते.

लकव्याच्या रुग्णाला निजलेल्या स्थितीत पाणी पाजणे हीदेखील घराघरांतली सवय. त्याची गिळण्याची क्रिया कमजोर असेल, तर ते पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला आधी उठवून बसवावे लागते. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, भाजलेल्या जागी हळद अथवा टूथपेस्ट लावणे यांची जागा कुशीवर वळवणे, तोंडात काहीही न घालणे आणि भाजलेल्या भागावर वाहते थंड पाणी सोडणे यांनी घ्यायची असते. या जुन्या रीती आजीकडून आलेल्या असतात, म्हणून त्या सोडताना अपराधी वाटते. वर्गात ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणून वाद घालण्यापेक्षा ‘असे का करू नये’ हा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी लवकर पुढे जाते.

आणखी एक सवय गुप्ततेची. घरच्या रुग्णाबद्दल शेजारणीशी बोलण्यात वावगे वाटत नाही. लहान गावात तर कोण कशासाठी दवाखान्यात आले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. परिचारिकेला ओळखीच्या रुग्णाविषयी स्वतःच्या आईलाही सांगता येत नाही. सौंसरच्या सरकारी रुग्णालयात प्रात्यक्षिकाला जाणाऱ्या स्थानिक मुलीला हे पथ्य परगावच्या मुलीपेक्षा कठीण जाते.

इंग्रजी आणि अंकगणित

अनुभवी विद्यार्थिनी वॉर्डात खंबीर राहते. ती अडते ती पुस्तकाशी. जीएनएमच्या पहिल्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे आणि समाज-आरोग्य परिचर्या हे विषय येतात. शिवाय इंग्रजी हा स्वतंत्र विषय असतो. हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने प्रवेशापूर्वीचे तीन-चार महिने शब्दसंग्रहाला द्यावेत. घरातील औषधांची पाकिटे आणि नागपूरच्या रुग्णालयाने दिलेला डिस्चार्ज कागद हेच तिचे पहिले पाठ्यपुस्तक. त्यातील प्रत्येक अपरिचित शब्द वहीत उतरवून त्याचा अर्थ लिहावा. स्वतः पाहिलेल्या आजाराचे शब्द लवकर पाठ होतात आणि विसरले जात नाहीत.

अंकगणित मात्र जीव वाचवते किंवा घेते. भारतात इन्सुलिन प्रतिमिलिलिटर ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. १०० युनिटचे इन्सुलिन चुकून ४० युनिटच्या सिरिंजमध्ये भरले, तर दहाच्या खुणेपर्यंत दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. सासूला वर्षानुवर्षे इन्सुलिन टोचणाऱ्या सुनेलाही हे ठाऊक असेलच असे नाही, कारण दुकानदार नेहमी एकच कुपी देतो. सलाईनचे गणितही असेच आहे. ५०० मिलिलिटर द्राव चार तासांत द्यायचा आणि नळीतून प्रति मिलिलिटर २० थेंब पडतात, तर एकूण १०,००० थेंब २४० मिनिटांत जायला हवेत. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. नववी-दहावीचे गुणोत्तर आणि प्रमाण पुन्हा उजळले, तर हा भाग अवघड नाही.

सौंसरच्या मुलीची एक जमेची बाजू तिच्या बोलण्यात आहे. ती रुग्णाशी मराठीत बोलते, कागद हिंदीत वाचते, आणि भोवतालच्या गोंड वस्तीतील म्हाताऱ्याचे दुखणे समजून घेण्याचा सराव तिला असतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाली. तिची उद्दिष्टे तपासणी-कार्डांइतकीच लोकांच्या भाषेत समजावून सांगणाऱ्या परिचारिकांवर अवलंबून आहेत. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते आणि दरवर्षी शेकडो जखमींवर उपचार करावे लागतात. टाके घालणाऱ्याइतकीच तिथे जखमीचा हात धरून त्याच्या बोलीत त्याला शांत करणारी व्यक्ती लागते.

घरचा रुग्ण कुणाकडे सोपवायचा?

या साऱ्या तयारीत सर्वांत अवघड प्रश्न घरातला असतो. मुलगी वसतिगृहात गेली की आजोबांचे कोण करणार? कित्येक अर्ज याच प्रश्नापाशी थांबतात. त्याचे उत्तर निकालानंतरच्या घाईत शोधता येत नाही. ते प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाबरोबरच शोधावे लागते. भाऊ, वडील किंवा जाऊ यांपैकी एकाने सकाळचे काम उचलावे, दुसऱ्याने रात्रीचे. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस मुलीने मुद्दाम बाजूला राहावे आणि इतरांना करू द्यावे. चुका होतील, त्या तिच्या देखत झालेल्या बऱ्या. घरातील पुरुषांना अंग पुसणे आणि कूस बदलणे जमत नाही, हा समज अशा दोन महिन्यांत बहुधा गळून पडतो.

निघण्यापूर्वी तिने एक पान लिहून भिंतीवर लावावे. त्यात रुग्णाचे नाव व वय, आजार, चालू औषधे, त्यांची मात्रा व वेळ, कशाची ॲलर्जी आहे, अन्न कसे द्यायचे, कूस केव्हा बदलायची, कोणती लक्षणे दिसताच दवाखाना गाठायचा आणि कोणाला फोन करायचा, हे सारे असावे. पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला रुग्ण याच रीतीने सोपवते, आणि पहिल्या वर्षात ते स्वतंत्रपणे शिकवले जाते. सौंसरच्या मुलीने ते पान घरीच लिहिलेले असेल. ते वाचून तिच्या भावाला आजोबांचे एक दिवसाचे सारे काम कुणालाही न विचारता करता आले, तर तिची तयारी योग्य दिशेने चालली आहे असे समजावे. जिथे तो अडला, तिथे नोंद अपुरी आहे; ती ओळ तिने पुन्हा लिहावी.